खोलण्याआधी एकदा चालवा

लेस्टरच्या बाहेर, विटांच्या घरांच्या एका रांगेमागे, माझा मावसभाऊ ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. समोर लाल रंगाची, दोन सीटांची, उघड्या टपाची माझदा एमएक्स-५ उभी होती, १९९४ सालची. भावाच्या हातात एक बोथट स्क्रूड्रायव्हर. दाराखालून मागच्या चाकापर्यंत जाणारा पत्र्याचा पोकळ पट्टा असतो, त्यावर तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत पुढे सरकत होता. ठण, ठण, ठण. मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे आवाज एकदम बदलला, पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा झाला. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा करून टोक हलकेच दाबलं. ते सरळ आत गेलं आणि तांबूस चुरा भुरभुर खाली पडला. गाडीचा मालक सत्तरीचा गृहस्थ होता, तो ओशाळला. भाऊ माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "दादा, हीच घ्यायची."

त्या दिवशी आम्ही तीन गाड्या पाहिल्या होत्या. सगळ्यात चकचकीत गाडी सोडून त्याने सगळ्यात सडलेली निवडली. का, हे मला पुढच्या दोन आठवड्यांत समजलं.

भाऊ मूळचा सांगलीकडचा. त्याचे वडील आयुष्यभर फौंड्रीत राबले, हा शिकून इंग्लंडला गेला. पण लोखंडाची ओढ सुटली नाही. गेली काही वर्षं तो मे महिन्यात स्टोनलीला भरणाऱ्या किट कारच्या मेळ्याला नेमाने जातो. या वेळी त्याने चासीसाठी पैसे भरले. किट कार म्हणजे घरच्या गॅरेजात, स्वतःच्या हाताने जुळवायची गाडी. कारखाना तुम्हाला नळ्यांची वेल्ड केलेली चासी देतो, फायबर आणि ॲल्युमिनियमची बॉडी देतो, पट्ट्या आणि ब्रॅकेट देतो. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, स्टिअरिंग, ब्रेक, हब, पेडल, वायरिंग हे सगळं तुम्ही एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं. त्या जुन्या गाडीला तिथे 'डोनर' म्हणतात. दाता. आपल्याकडे दाता म्हटलं की रक्तदान, नेत्रदान आठवतं, आणि अर्थ इथेही तोच आहे. देह संपत आलेला असावा, पण आतले अवयव धडधाकट हवेत.

ब्रिटनमध्ये देह आधी संपतो, अवयव मागे उरतात. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते मीठ पाण्याबरोबर उडून गाडीच्या पोटात बसतं. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत खिडकीच्या गजांचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला जास्त सांगायला नको. १९६० साली तिथे जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. तिला एमओटी म्हणतात. चासी किंवा पत्रा सडला असेल तर गाडी नापास. मग इंजिन दोन लाख मैल पळण्याजोगं असलं तरी तिची किंमत भंगाराची. किट कारचा सगळा व्यवहार या एका विसंगतीवर उभा आहे.

तिथल्या या हौसेचा इतिहास म्हणजे या दात्यांचाच इतिहास. ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २ लाख ९० हजार निघाली. ७४७ सीसीचं इंजिन, इंग्रजी 'ए' अक्षरासारखी साधी चासी, बॉडी वरून वेगळी बसवलेली. बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता यायची. १९४८ मध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या तरुण इंजिनिअरने आपल्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात अशाच एका जुन्या सेव्हनवर स्वतःची बॉडी चढवली. ती पहिली लोटस. जॉन हेन्स नावाच्या शाळकरी मुलाने केंटमधल्या वसतिगृहाच्या शाळेत असताना तेच केलं आणि १९५६ साली आपला अनुभव एका पुस्तिकेत लिहून काढला. तिच्या अडीचशे प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे याच हेन्सची गाडी दुरुस्तीची पुस्तकं जगभरच्या गॅरेजांत पोचली. आणि बरोबर चाळीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच्याच प्रकाशनाने रॉन चँपियन या शिक्षकाचं पुस्तक काढलं, अडीचशे पौंडांत घरी स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचं. एक इंची चौकोनी नळ्या कापा, वेल्ड करा, आणि फोर्ड एस्कॉर्टचे अवयव त्यात बसवा, असं ते पुस्तक सांगतं. ऑस्टिन सेव्हनपासून एस्कॉर्टपर्यंत तत्त्व तेच आहे. एका पिढीची गरिबाची गाडी पुढच्या पिढीची शर्यतीची गाडी होते.

मधल्या काळात कर हेही एक कारण होतं. तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून १९५७ साली आलेली लोटस सेव्हन बहुतेकांनी खोक्यांतून घरी नेली आणि आपणच जोडली. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला, सवलत संपली, आणि त्याच साली लोटसने सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीला देऊन टाकले. पण हौस संपली नाही, कारण ती कधीच फक्त पैशाची नव्हती. ट्रायम्फ हेराल्डला वेगळी चासी होती, तिच्यावर लोकांनी जुन्या धाटणीच्या बॉड्या चढवल्या. फोक्सवॅगन बीटलची तळाची चासी १४ इंचांहून थोडी जास्त कापून आखूड करायची आणि वर फायबरची टपोरी बॉडी ठेवायची, ही कल्पना कॅलिफोर्नियाच्या ब्रूस मेयर्सच्या बग्गीने सगळीकडे पसरवली. छोट्या मिनीचं इंजिन आणि तिची सबफ्रेम घेऊन मिनी मार्कोस झाली. १९६६ च्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत शेवटपर्यंत टिकलेली एकमेव ब्रिटिश गाडी हीच होती. हे वाचताना आजही मला भरून येतं. मोठमोठ्या कारखान्यांच्या कितीतरी गाड्या वाटेत थांबल्या आणि किराणा आणायच्या गाडीचे अवयव घेऊन धावणारी पोचली.

मग एक मोठा बदल झाला, आणि दाता निवडण्याची आजची सगळी अडचण त्यातून आली. लोटस सेव्हनसारख्या गाडीला इंजिन पुढे उभं लागतं, मागे गिअरबॉक्स, त्यामागे लांब शाफ्ट आणि मागच्या चाकांमध्ये डिफरन्शिअल. म्हणजे दाता मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी हवी. एस्कॉर्ट तशी होती, १९८० पर्यंत. तिच्यानंतर फोर्ड सिएरा आली, १९८२ ते १९९३. तिची मागची चाकं स्वतंत्रपणे वरखाली होत, पाच गिअरचा दणकट गिअरबॉक्स होता, आणि ब्रिटनमध्ये ती गल्लोगल्ली होती. पण १९९३ ला सिएराच्या जागी मोंडिओ आली, पुढच्या चाकांनी ओढणारी. तोवर बहुतेक कारखाने तिकडे वळले होतेच. स्वस्त, साधी, मागच्या चाकांची घरगुती गाडी रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली. उरलेल्या सिएरा सडून गेल्या. आणि एस्कॉर्ट? तिला रॅलीवाल्यांनी आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी उचललं. अडीचशे पौंडांच्या पुस्तकातली ती एस्कॉर्ट आज कोणी कापायला काढली तर लोक तिला हात लावू देणार नाहीत, इतकी ती महाग झाली आहे.

ही पोकळी एमएक्स-५ ने भरून काढली. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली. इंजिन पुढे उभं, ढकलणारी चाकं मागे, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. शर्यतीच्या गाड्यांत असं सस्पेन्शन वापरतात. २०१६ पर्यंत दहा लाख एमएक्स-५ निघाल्या. शिवाय जपानमध्ये युनोस नावाने विकलेल्या जुन्या गाड्याही ब्रिटनमध्ये आल्या. सुटे भाग वाटेल तितके मिळतात. आणि तिचं एक दुखणं जगजाहीर आहे. टपाचं पाणी वाहून न्यायला मागे बारीक नळ्या असतात, त्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी त्या पट्ट्यात साठतं. बरोबर तिथेच, जिथे भावाचा स्क्रूड्रायव्हर आत गेला. इंजिन ठणठणीत, पट्टे सडलेले, अशा एमएक्स-५ एमओटीत नापास होतात. किट कार बांधणाऱ्याला पत्रा नकोच असतो. मालकाला जे दुखणं लागतं, तेच आपल्याला सवलत देतं.

हिशोब साधा आहे. १.६ लिटरचं इंजिन साधारण ११५ अश्वशक्ती देतं. मूळ गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास. दारं, टप, काचा, गालिचे आणि तो सडका पत्रा काढून तेच इंजिन सहाशे किलोच्या घरातल्या गाडीत बसवलं, की इंजिनाला बोट न लावता टनामागे ताकद १२० वरून १९० वर जाते.

पहिली जी चकचकीत गाडी पाहिली, तिच्यापाशी भाऊ बराच वेळ थांबला. तिचा पत्रा शाबूत होता, आत मूळ कापड होतं, सर्व्हिसच्या नोंदींची वही होती. पैसेही त्याला परवडण्याजोगे होते. तो म्हणाला, "ही अजून तीस वर्षं जगेल. हिला मी नाही मारणार." मला हे फार पटलं, आणि मी ते इथे ठासून लिहितो. जी गाडी आहे तशी वाचू शकते, तिला दाता करणं चूक आहे, मग ती कितीही स्वस्त मिळो. एस्कॉर्ट आणि हेराल्ड एके काळी डझनांनी कापल्या गेल्या आणि आज लोक त्यांचे सांगाडे शोधत फिरतात.

दुसरी गाडी आधीच खोललेली होती. इंजिन एका पाटावर, गिअरबॉक्स कोपऱ्यात, नटबोल्ट तीन डब्यांत. किंमत सगळ्यात कमी. विकणारा शपथेवर सांगत होता की इंजिन काढलं तेव्हा उत्तम चालत होतं. भावाने नम्रपणे नकार दिला. परतताना त्याने मला कारण सांगितलं. त्याच्या एका मित्राने काही वर्षांपूर्वी इंजिन एकाकडून आणि गिअरबॉक्स दुसऱ्याकडून घेऊन गाडी बांधली. दोन वर्षं रात्री जागून काम केलं. रस्त्यावर आणली त्या दिवशी कळलं की तिसऱ्या गिअरमध्ये रडल्यासारखा आवाज येतो. गिअरबॉक्स काढायचा तर अर्धी गाडी पुन्हा खोला.

"सुटा भाग बोलत नाही," भाऊ म्हणाला. "चालती गाडी सगळं सांगते. आणि एकदा खोलली की पुढची दोन वर्षं ती गप्प."

म्हणून लाल गाडी घेताना त्याने एका दिवसाचा विमा काढला आणि मालकाला शेजारी बसवून तिला तासभर फिरवलं. मी मागून दुसऱ्या गाडीत होतो. थंड इंजिन सुरू करताना धूर कसला येतो ते पाहिलं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला, तेव्हा निळा धूर आला नाही, म्हणजे इंजिन तेल खात नव्हतं. दुसरा गिअर थंड असताना जरा खरखरला, गरम झाल्यावर नीट बसला. या गाडीचा तो स्वभावच आहे, त्याची भीती नाही. वेग वाढवताना आणि सोडताना मागून घोंघावल्यासारखा आवाज येतो का ते त्याने कान देऊन ऐकलं, कारण तो आवाज डिफरन्शिअलचा असतो. मग बॉनेट उघडून इंजिनाच्या पुढच्या पुलीतल्या खाचा मोजल्या. सुरुवातीच्या, १९८९ ते १९९१ मधल्या काही १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं आणि तिथली पुली कालांतराने सैल होऊन टोक खराब करायची. पुलीत चार खाचा म्हणजे ते आखूड टोक, आठ म्हणजे सुधारलेलं. गाडी १९९४ ची असली तरी इंजिन कधी बदललेलं असेल हे कोण सांगणार, म्हणून त्याने मोजल्या. आठ होत्या.

नऊशे पौंडांना सौदा झाला.

या सगळ्यात मला सर्वात शिकण्यासारखी वाटली ती कागदांची बाजू. ब्रिटनमध्ये किट कारला रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए नावाची तपासणी पार करावी लागते. एका गाडीची, एकाच वेळी, निरीक्षकासमोर. ब्रेकचा पुढचा-मागचा जोर, सीटबेल्टचे टेकू, दिव्यांची उंची, स्पीडोमीटरचा खरेपणा, सगळं मोजतात. बाहेरच्या प्रत्येक कडेला किमान अडीच मिलिमीटरची गोलाई लागते, नाहीतर ती माणसाला कापेल. पण नंबर कोणता मिळणार हे दात्यावर ठरतं. किट बनवणाऱ्याची नवी चासी आणि एकाच दात्याचे किमान दोन मुख्य भाग असतील, आणि ते कागदांनी सिद्ध करता आलं, तर गाडीला दात्याच्या वयाचा नंबर मिळतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, पुढचं-मागचं सस्पेन्शन, दोन्ही ॲक्सल हे मुख्य भाग. चार गाड्यांचे चार भाग आणले तर 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर, म्हणजे जन्मतारीख अज्ञात. धुराची तपासणीही इंजिनाच्या वयानुसार होते. म्हणजे ज्याच्याकडे एका गाडीची सलग कागदपत्रं आहेत, त्याचं काम निम्मं झालं.

यासाठी भावाने गाडी घरी आणल्यावर एकही बोल्ट न सोडता आधी फोटो काढले. चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीचं पुस्तक, बिल. विमा कंपनीने अपघातात 'बी' वर्गात टाकलेल्या गाड्या स्वस्त मिळतात, त्यांचे सुटे भाग वापरता येतात, पण ती गाडी स्वतः पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाही. असल्या गाडीच्या नादी लागायचं नाही, हे त्याने सुरुवातीलाच ठरवलं होतं.

पुढचे चार दिवस मी त्याच्या गॅरेजात होतो. खोलण्याचं काम जपून करावं लागतं. प्रत्येक वायरच्या जोडावर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने नाव. प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा, त्याच्या पिशवीत. वायरिंगचा अख्खा गुंता त्याने एकही तार न कापता बाहेर काढला, झाडाची मुळं मातीसकट काढावीत तसा. इंजिनाचा कॉम्प्युटर, चावी आणि चोरी रोखणारी पेटी हे त्रिकूट एकत्र बांधून ठेवलं. मागच्या सस्पेन्शनचा एक लांब बोल्ट गंजाने इतका धरला होता की तेल सोडून, बत्तीने तापवून, रात्रभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी निघाला. निघाला तेव्हा भावाने पाना खाली ठेवला आणि काही वेळ नुसता बसून राहिला. उरलेल्या सामानातला कडक टप, दारं आणि अलॉय चाकं त्याने विकली. निम्म्याहून जास्त पैसे परत आले.

मी पुण्याला परतलो तो एक प्रश्न घेऊन. आपल्याकडे हे का होत नाही? हात आपल्याकडेही आहेत. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत आपल्या कॉलेजची मुलं स्वतः वेल्ड केलेल्या चासीत केटीएम ३९० चं इंजिन बसवतात. ते इंजिन चाकणला बनतं. बाहा स्पर्धेच्या बग्ग्यांत महिंद्राच्या तीनचाकी अल्फाचा गिअरबॉक्स घालतात. दात्याची निवड या मुलांना शिकवावी लागत नाही. पण त्या गाड्या कॉलेजच्या शेडमधून रस्त्यावर येऊ शकत नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर नियम १२६ खाली कारखान्यांसारखी संपूर्ण मान्यता घ्यावी लागते. एका माणसाला, एका गाडीसाठी, ते शक्य नाही.

कायद्यामागची काळजी खरी आहे. रस्त्यावर धोकादायक गाडी येऊ नये, हे मलाही हवं आहे. पण ब्रिटनने त्याच काळजीचं उत्तर तपासणीने दिलं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. ब्रेक, धूर, सीटबेल्ट मोजायची साधनं आणि माणसं दोन्ही ठिकाणी आहेत. एका गाडीच्या तपासणीचा एक दरवाजा तिथे उघडावा, शुल्क घ्यावं, कडक परीक्षा घ्यावी, नापास करावं. पण परीक्षेला बसू द्यावं, ही माझी केंद्रीय परिवहन मंत्रालयाला विनंती आहे.

आणि आपल्याकडे दाता कोण, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. मारुती ऑम्नी. ७९६ सीसीचं इंजिन, मागच्या चाकांवर ताकद, साधा मागचा ॲक्सल, गावोगावचा मेकॅनिक डोळे मिटून खोलू शकेल अशी रचना. शाळेची मुलं, दुधाचे कॅन, रुग्ण, सगळं तिने वाहिलं. आपली ऑस्टिन सेव्हन तीच. तिचं उत्पादन २०१९ साली बंद झालं आणि दर महिन्याला त्यातल्या कितीतरी भंगारात वितळत आहेत. नियम करायचा असेल तर त्या रस्त्यावर चालत आहेत तोवर करा.